'डेसल्टरी' म्हणजे असंबद्ध नव्हे: एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ आणि त्यामागची लॅटिन उडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सराव परीक्षेतल्या उताऱ्यात 'डेसल्टरी कॉन्व्हर्सेशन' असे शब्द होते. शब्दकोशात 'डेसल्टरी'पुढे 'असंबद्ध, विस्कळीत' असं होतं, म्हणून तुम्ही 'कन्फ्यूज्ड' हा पर्याय निवडला आणि गुण गेला. बरोबर उत्तर 'एमलेस' निघालं. शिवाय या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली 'उडी' आहे असं तुमच्या वाचनात आलं. मग 'इन्सल्ट' आणि 'रिझल्ट' हेही त्याच घरातले का, आणि अशी मुळं पाठ करून काही हाती लागतं का, असंही तुम्ही विचारलं आहे.

खरी अडचण शब्दकोश चुकीचा असण्याची नाही. एका इंग्रजी शब्दापुढे एकच मराठी शब्द ठेवला की तो सगळीकडे बसेल, असं आपण धरून चालतो. गाडी तिथे अडते. तापात माणूस बरळतो ते बोलणं असंबद्ध, कारण त्यात एका वाक्याचा पुढच्या वाक्याशी मेळ नसतो. डेसल्टरी संभाषणात प्रत्येक वाक्य नीट कळतं, उत्तरंही बरोबर येतात. फक्त विषय धरून ठेवण्याची कुणाला गरज वाटत नाही. एक विषय निघतो, दोन वाक्यांत विरतो, मध्ये शांतता पसरते, मग दुसरंच काही निघतं. उताऱ्यातली माणसं गोंधळलेली नव्हती, त्यांच्या बोलण्याला रोख नव्हता. म्हणून 'एमलेस'.

आधी उच्चार, कारण तिथेच अनेकांचा पाय घसरतो. आघात पहिल्या अक्षरावर आहे. ब्रिटिश धाटणीत 'डेसल्ट्री', अमेरिकेत शेवट जरा लांबवून 'डेसल्टोरी'. 'स'च्या जागी 'झ'सारखा उच्चारही शब्दकोश देतात. सुरुवातीला 'डि' करून आघात 'सल'वर टाकला, तर मात्र ऐकणाऱ्याला शब्द ओळखू येत नाही. दमट उकाड्यासाठी असलेल्या 'सल्ट्री'शी याचं नातं नाही. तो शब्द अस्सल इंग्रजी वळणाचा, 'स्वेल्टर' म्हणजे उकाड्यानं हैराण होणे, त्याच्या कुळातला आहे.

आता मूळ. लॅटिनमध्ये 'सलीरे' म्हणजे उडी मारणे. 'दे' म्हणजे वरून खाली किंवा एखाद्या गोष्टीपासून दूर. दोन्ही मिळून 'देसिलीरे', म्हणजे खाली उडी टाकणे. त्यापासून उडी टाकणाऱ्या माणसाला 'देसुल्तोर' म्हणत, आणि त्या माणसासंबंधीचं विशेषण 'देसुल्तोरिउस'. इंग्रजीत शेवटच्या 'ओरिउस'चं 'ओरी' झालं आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'डेसल्टरी' वापरात आला.

'सलीरे'तला 'अ' एकदा 'इ' का होतो आणि एकदा 'उ' का, ही शंका इथे यायलाच हवी. प्राचीन लॅटिनमध्ये शब्दाआधी उपसर्ग लागला की मूळ धातूचा पहिला स्वर आघात गमावून अशक्त व्हायचा. त्या स्वरापुढे एकच व्यंजन असलं तर 'अ'चा 'इ' व्हायचा, म्हणून 'देसिलीरे'. पुढे 'ल' आणि त्याला जोडून दुसरं व्यंजन असलं तर 'अ'चा 'उ' व्हायचा, म्हणून 'देसुल्तोर'. हीच चाल दुसऱ्या शब्दावर तपासून पाहा. 'कल्कारे' म्हणजे टाचेनं तुडवणे. त्याला 'इन' लागला की 'इन्कुल्कारे', आणि तोच इंग्रजीतला 'इन्कल्केट', म्हणजे एखादी गोष्ट मनावर पक्की ठसवणे. हा एक नियम कळला की 'सल', 'सिल' आणि 'सल्ट' हे तीन तुकडे एकाच धातूचे आहेत हे पाठ करावं लागत नाही. 'सेलिअंट' म्हणजे उडी मारून पुढे आलेला, म्हणजेच ठळक. 'रिझिलिअंट' म्हणजे दाबलं तरी उसळून परत येणारा.

तुमचा संशय बरोबर आहे, 'इन्सल्ट' आणि 'रिझल्ट' याच कुळातले आहेत. 'सलीरे'वरून पुन्हापुन्हा उड्या मारणे या अर्थाचा 'सल्तारे' हा धातू निघाला. त्याला 'इन' लागून 'अंगावर उड्या मारणे', आणि त्यातून अपमान. 'रे' लागून 'उसळून मागे येणे', त्यातून परिणाम. 'एक्स' लागून 'एग्झल्ट', आनंदानं उसळणे. 'असॉल्ट' आणि 'समरसॉल्ट' हेही याच घरचे, पण फ्रेंचच्या वाटेनं आल्यामुळे त्यांचा चेहरा बदलला आहे.

मात्र 'अल्ट' दिसलं की उडी, असा नियम कृपा करून करू नका. 'कल्ट' आला आहे नांगरणी आणि सेवा या अर्थाच्या धातूवरून, 'अडल्ट' वाढण्यावरून, 'ऑकल्ट' झाकण्यावरून, 'ट्यूमल्ट' फुगण्यावरून. तसंच 'सॅलरी', 'सॅलड' आणि 'सॉस' यांच्या मुळाशी 'साल' म्हणजे मीठ आहे, उडी नाही. परीक्षेची पुस्तकं मुळांच्या याद्या देताना ही गल्लत सर्रास करतात, आणि विद्यार्थी तीच घोकतात.

हा देसुल्तोर होता तरी कोण? रोमच्या रिंगणात रथांच्या शर्यतींबरोबर घोडेस्वारांचे खेळही होत. त्यात एक स्वार दोन घोडे घेऊन उतरे आणि भर धावेत एका घोड्यावरून दुसऱ्यावर उडी घेई. रोमन काळात रिकीब नव्हती, त्यामुळे पायाला आधार काहीच नाही. तोल, मांडीची पकड आणि दोन्ही घोड्यांची चाल जुळवून ठेवणं यावरच सगळी मदार. लॅटिनमधल्या एका जुन्या कथासंग्रहात या खेळाचं कारणही दिलं आहे. पुराणकथेतले कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे भाऊ आळीपाळीनं जगतात. हा स्वार स्वतःची आणि भावाची अशा दोन्ही जागा एकटाच चालवतो, म्हणून त्याला दोन घोडे आणि डोक्यावर टोपी.

हे काम हलकं समजलं जात नसे. ज्युलियस सीझरनं भरवलेल्या खेळांत थोर घराण्यांतल्या तरुणांनी रथ हाकले आणि हे उडीचे घोडेही दौडवले, असं रोमन चरित्रकार स्युटोनियसनं नोंदवलं आहे. युद्धातही ही विद्या उपयोगी पडे. रोम आणि कार्थेज यांच्यातल्या दुसऱ्या प्युनिक युद्धात, स्पेनमध्ये, कार्थेजचा सेनापती हॅस्ड्रुबल याच्या सैन्यात उत्तर आफ्रिकेतल्या न्युमिडियाचे घोडेस्वार होते. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की ते देसुल्तोरांसारखे दोन-दोन घोडे बाळगत आणि ऐन हातघाईत, अंगावर शस्त्रं असताना, दमलेल्या घोड्यावरून ताज्या घोड्यावर झेप घेत. इथली उडी निरुद्देश मुळीच नाही. ती हेतू धरून, नेमक्या क्षणी मारलेली आहे.

मग अशा शब्दाला आजचा उणा अर्थ कुठून आला? तो इंग्रजांनी दिला असं नाही. रोमन लोकांनी स्वतःच दिला. स्वाराचं कौशल्य बाजूला राहिलं आणि 'हा एका घोड्यावर टिकत नाही' एवढंच लोकांच्या बोलण्यात उरलं. इ.स.पू. 63 मध्ये मुरेना नावाच्या पुढाऱ्याच्या बचावाच्या भाषणात वक्ता सिसेरो एका प्रतिस्पर्ध्याला टोमणा मारतो: प्रीटरच्या, म्हणजे खालच्या पायरीच्या पदासाठी उभा असलेला हा माणूस कॉन्सलच्या, म्हणजे सर्वोच्च पदाच्या निवडणुकीत कसा घुसला, जणू उडीचा घोडा चार घोड्यांच्या रथाच्या धावपट्टीवर शिरावा. पुढे कवी ओव्हिड प्रेयसीला आपल्या निष्ठेची ग्वाही देताना म्हणतो की मला हजारजणी आवडत नाहीत, मी प्रेमातला देसुल्तोर नाही. या एका ओळीत आजचा अर्थ पुरता तयार झालेला दिसतो. मन एका जागी न ठरणं, हाच तो अर्थ.

जुना मान अगदीच पुसला गेला नव्हता, हेही सांगायला हवं. दुसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतला लेखक अपुलेयस आपल्या कथेच्या आरंभीच परकी भाषा, म्हणजे लॅटिन, वापरल्याबद्दल वाचकांची क्षमा मागतो आणि म्हणतो की भाषेची ही अदलाबदलच माझ्या लिहिण्याच्या उडीच्या विद्येला साजेशी आहे. विशेषण तेच, पण अभिमानानं वापरलेलं. इंग्रजीतही मूळ उडी बराच काळ जिवंत होती. सेलबोर्नच्या निसर्गावर लिहिणारा गिल्बर्ट व्हाइट 1789 सालच्या आपल्या पुस्तकात एका पक्ष्याबद्दल लिहितो की मी गोळी झाडली, पण तो इतका 'डेसल्टरी' होता की नेम चुकला. म्हणजे पक्षी सारखा इकडून तिकडे उडत होता. जुनं इंग्रजी वाचताना हे ध्यानात ठेवा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला लेखक आपल्याच लेखनाला 'डेसल्टरी' म्हणतो तेव्हा बरेचदा तो विनयानं 'ही काही सलग मांडणी नव्हे, सुटी टिपणं आहेत' एवढंच सांगत असतो. तिथे 'अर्ध्या मनानं केलेलं' असा अर्थ लावला तर लेखकावर अन्याय होईल.

आजच्या वापराकडे येऊ. वाक्य समोर आलं की मी तीन गोष्टी तपासतो: सातत्य नाही, दिशा नाही, की मन नाही? डेसल्टरीमध्ये यांपैकी एक तरी उणी असते, पुष्कळदा दोन, कधी तिन्ही. कोणती उणी आहे हे ठरलं की मराठी शब्द आपोआप सुचतो, आणि ते विशेषणावरून न ठरता शेजारच्या नामावरून ठरतं.

'डेसल्टरी रीडिंग'मध्ये दिशा आणि सातत्य दोन्ही नाही. याला 'धरसोड वाचन'. मला हा शब्द अतिशय जवळचा वाटतो, कारण धरणं आणि सोडणं या त्या स्वाराच्याच दोन क्रिया आहेत. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण अशा वाचनातून जे हाती येतं त्याचं वर्णन करते, वाचण्याच्या रीतीचं नव्हे. म्हणून भाषांतरात ती म्हण विशेषणाच्या जागी बसवू नये. 'डेसल्टरी एफर्ट' म्हणजे धरसोडीचे प्रयत्न, पण इथे भर मन नसण्यावर असतो, त्यामुळे 'अर्ध्या मनानं केलेले' हेही चालतं.

'डेसल्टरी फायरिंग' हे जुन्या लष्करी अहवालांत वारंवार येतं. इथे मनाचा प्रश्नच नाही. गोळ्या अधूनमधून, ठरावीक लक्ष्याशिवाय सुटत आहेत. मराठी वृत्तपत्रांचा 'तुरळक गोळीबार' हा शब्द इथे चपखल बसतो. 'असंबद्ध गोळीबार' लिहून पाहा, म्हणजे शब्दकोशातला पहिला अर्थ उचलण्यातला धोका लगेच दिसेल. 'डेसल्टरी अप्लॉज' म्हणजे विरळ, तुटक टाळ्या: चार इथून, दोन तिथून, आणि लगेच थांबलेल्या. शेअर बाजाराच्या वृत्तांतातलं 'डेसल्टरी ट्रेडिंग' म्हणजे दिशा नसलेली, मंद उलाढाल. वाटाघाटी वर्षानुवर्षं 'डेसल्टरी' चालल्या असं वाक्य आलं, तर मी 'रडतखडत चालल्या' लिहीन.

संभाषणाचं प्रकरण मात्र नाजूक आहे, आणि तुमचा गुण तिथेच गेला. समजा वाक्य असं आहे: जेवणानंतर पावसाबद्दल थोडं 'डेसल्टरी टॉक' झालं आणि मंडळी झोपायला गेली. 'पावसाबद्दल असंबद्ध बोलणं झालं' हे तर नकोच. 'पावसाबद्दल विस्कळीत चर्चा झाली' हेही नको, कारण 'चर्चा' म्हटलं की मुद्दे आले, आणि 'विस्कळीत' म्हटलं की ती नीट बांधलेली असायला हवी होती अशी तक्रार आली. मूळ वाक्यात तक्रार नाही. मी लिहीन: 'जेवणं झाल्यावर पावसापाण्याच्या तुटक गप्पा झाल्या आणि मंडळी झोपायला गेली.' 'अघळपघळ गप्पा' असंही अनेकजण सुचवतात, पण मला ते पटत नाही. अघळपघळ गप्पांत विषय भरकटतो खरा, पण बोलणाऱ्याला उत्साह असतो, वेळ हाताशी असतो, रंग चढत जातो. तो इंग्रजीतला 'रँब्लिंग'. डेसल्टरी गप्पांना रंग चढतच नाही.

यात संदर्भावर अवलंबून असलेला भाग मोठा आहे, हे मान्यच करायला हवं. वृत्तपत्राच्या अग्रलेखात हा शब्द जवळजवळ नेहमी दोष दाखवायला येतो. कथेत तो फक्त वातावरण सांगतो. प्रवासवर्णनात तर त्यात निवांतपणाही असू शकतो. म्हणून एकट्या शब्दाचा अर्थ विचारला तर मी 'ठाम हेतू किंवा सातत्य नसलेला' एवढंच सांगेन आणि पुढचं वाक्य मागेन.

परीक्षेत फसवणूक होते ती शेजाऱ्यांमुळे. 'कर्सरी' आणि 'परफंक्टरी' हे दोन शब्द पर्यायांत हमखास असतात, आणि गंमत अशी की तिन्ही शब्द एकाच साच्यातले आहेत. 'कुर्सोर' म्हणजे धावणारा. संगणकाच्या पडद्यावरचा कर्सर तोच. त्यावरून 'कर्सरी', म्हणजे घाईत, वरवर केलेला. आपली 'धावती नजर' ही अगदी तीच कल्पना. कर्सरी वाचन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत होऊ शकतं, फक्त भरभर. डेसल्टरी वाचन सावकाशही असेल, पण सोळाव्या पानावरून साठाव्या पानावर जाईल. 'परफंक्टरी'च्या मुळाशी 'पेर्फुंगी', म्हणजे वाट्याला आलेलं काम उरकून मोकळं होणे. त्याला मराठीत 'पाट्या टाकणे' याहून नेमकं काही नाही. परफंक्टरी काम पूर्ण होतं, वेळेवर होतं, फक्त त्यात जीव नसतो. डेसल्टरी काम बहुधा पूर्णच होत नाही. पर्याय निवडताना विचारा: घाई आहे का, कर्तव्य उरकणं आहे का, की मध्येच सोडून देणं आहे?

'स्पोरॅडिक' हा चौथा शेजारी ग्रीकमधून आला, बी विखरून पेरण्याच्या कल्पनेवरून. तो फक्त वेळेतली किंवा जागेतली विरळता सांगतो, करणाऱ्याच्या मनाबद्दल काही बोलत नाही. म्हणूनच रोगाच्या तुरळक रुग्णांना 'स्पोरॅडिक केसेस' म्हणतात. त्यांना 'डेसल्टरी' म्हणता येणार नाही. 'डिलेटरी' दिसायला जवळचा, पण तो दिरंगाईचा आहे. विरुद्धार्थी शब्द विचारले तर 'मेथॉडिकल', 'सिस्टेमॅटिक', 'सस्टेन्ड' यांतला एक निवडा. तिन्हींमध्ये डेसल्टरीत उणी असलेली एकेक गोष्ट भरून निघते.

स्वतः वापरताना दोन चुका होतात. पहिली, हा शब्द वस्तूंना लावणं. पसारा पडलेली खोली किंवा गिचमिड अक्षर 'डेसल्टरी' नसतं. वेळेत घडत जाणाऱ्या क्रियेलाच तो लागतो. बोलणं, वाचणं, शोधणं, प्रयत्न करणं, लढणं, हिंडणं ही त्याची नेहमीची सोबत. दुसरी, क्रियाविशेषणाचा हट्ट. 'डेसल्टरिली' हे रूप शुद्ध आहे, पण वाक्यात अडखळतं. त्याऐवजी 'इन अ डेसल्टरी वे' किंवा 'इन अ डेसल्टरी फॅशन' असंच बहुतेक लेखक लिहितात, तुम्हीही तसंच लिहा.

मुळं पाठ करून फायदा होतो का? होतो, पण अर्थ ओळखण्यासाठी कमी आणि कळलेला अर्थ टिकवण्यासाठी जास्त. 'इन' अधिक 'उडी' एवढ्यावरून 'अपमान' कुणालाही सुचणार नाही, आणि 'रे' अधिक 'उडी' यावरून 'परिणाम' तर नाहीच. म्हणून क्रम असा ठेवा. आधी वाक्य वाचून अंदाज बांधा आणि तो वहीत लिहा. मग विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात फक्त व्याख्या न बघता उदाहरणवाक्यं बघा आणि विशेषणाशेजारी कोणती नामं येतात ती टिपा. त्यानंतर मूळ बघा. शेवटी तीन वेगळ्या नामांबरोबर तीन वाक्यं स्वतः रचून प्रत्येकाचं मराठी करा, आणि तिन्ही ठिकाणी एकच मराठी शब्द आला असेल तर थांबून पुन्हा तपासा. यादीतली शंभर मुळं एकदम घेण्यापेक्षा एक कुळ पूर्ण करा. 'सलीरे'चं कुळ वर आलंच आहे. त्यानंतर धावण्याचं, म्हणजे 'कर्सरी', 'डिस्कर्सिव', 'इन्कर्शन', 'प्रिकर्सर' यांचं कुळ घ्या. 'डिस्कर्सिव' म्हणजे इकडेतिकडे धावणारा, आणि विषयांतर करणाऱ्या लेखनासाठी तो परीक्षेत डेसल्टरीच्या शेजारी बरेचदा बसवलेला असतो.